शितावरून भाताची परीक्षा, पण पातेलं कुणाचं?

हुकलेली लोकल (धागाकर्ता) | रविवार, रात्री ११:४०

मंडळी, विषय घरचा आहे, त्यामुळे गावं आणि वयं थोडी इकडची तिकडे केली आहेत. बाकी घडलं तसंच लिहितोय.

भाचीचं लग्न ठरत आलंय. मुलगा तिनंच पसंत केलेला, मैत्रिणीच्या ओळखीतला. वय ३१, पुण्यात नोकरी, बोलणं हळू. ताईकडे पहिल्यांदा आला तेव्हा जाताना दारातल्या सगळ्यांच्या चपला सरळ लावून गेला. ताईनं त्या दिवशीच मनातल्या मनात अक्षता टाकल्या.

मागच्या रविवारी भाचीच्या चुलतभावानं (वय २२, उद्योग: दुसऱ्यांचे उद्योग शोधणे) फॅमिली ग्रुपवर रात्री अकराला बारा स्क्रीनशॉट टाकले. मुलगा गेम खेळताना जे नाव लावतो, त्याच नावाचा आयडी क्रिकेटवेड्यांच्या एका अड्ड्यावर सापडला. नावातली मुद्दाम केलेली चूक तीच, फोटोतला कुत्रा तोच. दुसरा कुणी असेल ही आशा तिथेच संपली. अड्डा म्हणजे दोन खेळाडूंच्या भक्तांची बारमाही हाणामारी. तिथे शिवी ही शिवी नसते, स्वल्पविराम असतो.

भावजी म्हणाले, "विषय संपला." ताई रडली. भाचीनं मला फोन केला. "मामा, तू वीस वर्षं असल्या जागी पडीक असतोस. तू सगळं वाच आणि मला सांग, हा माणूस कसा आहे."

तर चार रात्री वाचतोय. चार वर्षांत दोन हजारांच्या आसपास प्रतिसाद आहेत. पंधराशे तरी निव्वळ एकमेकांच्या आईबहिणींची विचारपूस. तीच तीच, सातवीच्या पोरासारखी. वाचून राग येण्याऐवजी झोप येते. बहुतेक सगळे रात्री साडेबारानंतरचे, सामन्याच्या दिवशी किंवा रविवारी.

पण तीन गोष्टींपाशी अडलोय.

एक. एक मोठा सामना हरल्यावर त्यानं एका खेळाडूच्या बायकोबद्दल लिहिलंय. तीन ओळी आहेत. त्यात शिवी एकही नाही, पण इथे उतरवायला माझा हात धजत नाही. त्याला तिथे चारशेवर लाइक.

दोन. एकदा जमावानं समोरच्या गटातल्या एका आयडीचं खरं नाव आणि शाळा शोधून काढली. पोरगं सोळा वर्षांचं निघालं. सगळे तुटून पडले, तेव्हा यानं लिहिलं, "पोरगं आहे रे. नाव काढा ते. आत्ता काढा." त्यावर याच्याच गटातल्या तीसचाळीस जणांनी याला फाडून खाल्लं. यानं शब्द मागे घेतला नाही. आणि पुढच्या आठवड्यात परत स्वल्पविराम सुरू.

तीन. दीड वर्षापूर्वी अचानक लिहिणं बंद. पाच महिने शांतता. नंतर महिन्यातून एखादा प्रतिसाद, तोही धावफलकाबद्दल.

काय सांगू तिला? तुमच्यातले बरेच जण असल्या चिखलातून कधी ना कधी चालून आलेले आहेत, म्हणून विचारतोय. "मुलीचं आयुष्य आहे" हे मला माहीत आहे, ते नका सांगू.

पाटावरवंटा | ११:५२

आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येईल? त्याच्या आडात आहे म्हणून आलं. नकार कळवा आणि झोपा.

वेलदोडा | ११:५५

वाचतेय. (पॉपकॉर्न नाही, खरंच वाचतेय.)

खिडकीतली सीट | सोमवार, सकाळी ८:१०

लोकल, पहिला प्रश्न: ती बारा शितं कुणी निवडली? दोन हजारांतून बारा, तीही त्या मुलाचं नाक कापायला निघालेल्या पोरानं.

मी हिंजवडीत एचआरमध्ये आहे, १४ वर्षं. एकदा एका उमेदवाराचा स्क्रीनशॉट आला. खाली त्याचं नाव आणि एकच वाक्य: "अशांना सोसायटीच्या बाहेर नेऊन जाळलं पाहिजे." आमच्या साहेबांनी फाइल बाजूला ठेवली. मला काय सुचलं कोण जाणे, मी वरची चर्चा शोधली. ती सोसायटीच्या जिन्यात कुणीतरी टाकून दिलेल्या जुन्या सोफ्यांबद्दल होती. सोफ्यांत ढेकूण होते. पोरगं आज आमच्याकडे टीम लीड आहे.

हसू नका. माझ्या अनुभवात स्क्रीनशॉटची वरची आणि खालची ओळ ज्यानं कापली, त्याच्या हेतूबद्दल तो स्क्रीनशॉट जास्त बोलतो.

आता दुसरी बाजू. २०१७ मध्ये हार्वर्डनं निदान दहा मुलांचे प्रवेश रद्द केले. ही मुलं आत जायच्या आधीच एका फेसबुक ग्रुपमध्ये घाणेरडे मीम टाकत होती. लैंगिक अत्याचार, ज्यूंचं हत्याकांड, लहान मुलांचे मृत्यू, कशावरही. मोठ्या ग्रुपातून फुटून त्यांनी खास 'धाडसी' मीमसाठी छोटा ग्रुप काढला होता. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे उदाहरण फार घोळलं जातं. मला नेहमी वाटतं की अठरा वर्षांच्या पोरांनी एकमेकांना "तू घाबरतोस का" म्हणून खेळलेला हा खेळ होता. पण मला असंही वाटतं की त्या ग्रुपमध्ये बोलावणं येऊनही न गेलेली मुलं असणारच. त्यांची बातमी होत नाही.

डावखुरा | ९:३५

क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर जून २०२१ आठवा. इंग्लंडचा ऑली रॉबिन्सन, लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्ध पहिलीच कसोटी. मैदानात विकेट काढतोय आणि त्याच वेळी बाहेर त्याचे आठनऊ वर्षांपूर्वीचे वंशद्वेषी आणि बायकांबद्दलचे ट्वीट फिरतायत. लिहिले तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा होता. दिवसाचा खेळ संपल्यावर कॅमेऱ्यासमोर माफी वाचावी लागली. नंतर ८ सामन्यांची बंदी, त्यातली ५ ची स्थगित, वर दंड. ऑगस्टमध्ये भारताविरुद्ध ट्रेंट ब्रिजला परत आला आणि त्याच महिन्यात हेडिंग्लीला त्यानं आपल्याच पुजारा-कोहलीसकट पाच जणांना घरी पाठवलं. (तेव्हा मीपण त्याचे जुने ट्वीट उकरून काढले होते, खोटं कशाला बोलू.)

मला जास्त सतावतो तो तिकडचाच क्रिकेटपटू अझीम रफीक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश खासदारांच्या समितीसमोर बसून यॉर्कशायर क्लबात वंशद्वेषापायी आपल्याला काय सोसावं लागलं ते त्यानं रडत रडत सांगितलं. दोन दिवसांत त्याचेच २०११ चे ज्यूंबद्दलचे गलिच्छ संदेश बाहेर आले. त्यानं लगेच कबूल केलं, माफी मागितली. आता सांगा, त्याचं रडणं खोटं होतं का? संदेश खोटे होते का? दोन्ही खरे. पाटावरवंटा, तुमच्या आडात एकाच वेळी दोन पाणी मावतात का ते बघा.

पाटावरवंटा | ९:४१

मावतात. पण मुलगी देताना मी वरचं पाणी बघत नाही, गाळ बघतो.

वेलदोडा | ९:४४

"मुलगी देताना" +० 😐

शून्य प्रहर | दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत टंकतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांचा २०१७ चा एक प्रयोग आहे. ६६७ लोक. आधी छोटी परीक्षा: काहींना सोपी, काहींना मुद्दाम अवघड, म्हणजे ती मंडळी वैतागलेली. मग सगळ्यांना एकच लेख देऊन खाली मत लिहायला सांगितलं. काहींना वर आधीच्या सभ्य प्रतिक्रिया दिसत होत्या, काहींना खवचट. डोकं शांत आणि वर सभ्य प्रतिक्रिया, तेव्हा ३५ टक्के लोकांनी वाकडं लिहिलं. डोकं तापलेलं आणि वर खवचट, तेव्हा ६८ टक्के. माणसं तशीच, आधीची दहा मिनिटं वेगळी. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे आपल्या आज्यांना प्रयोगाविना ठाऊक होतं.

दुसरं. २०१५ मध्ये रेडिट या गप्पांच्या साइटनं जाड माणसांची टर उडवणारा आणि काळ्यांचा द्वेष करणारा, असे दोन मोठे अड्डे बंद केले. त्या दोन अड्ड्यांवरच्या लोकांचं पुढे काय झालं ते अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या लोकांनी मोजलं. बरेच जण रेडिट सोडून गेले. जे उरले, त्यांच्या लिहिण्यातली द्वेषाची भाषा किमान ८० टक्क्यांनी घटली. हेच लोक रेडिटवरच्या दुसऱ्या अड्ड्यांवर गेले, पण तिथली द्वेषाची भाषा त्यांच्यामुळे फारशी वाढली नाही.

म्हणजे मुलगा निर्दोष? थांबा. डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या लोकांवर केलेला आणखी एक अभ्यास आहे, २०२२ मध्ये छापलेला. "नेटवर गेला की माणूस बदलतो" हे तपासायला निघाले आणि उलटंच सापडलं. राजकारणाच्या वादात जे नेटवर अंगावर येतात, ते समोरासमोरही तसेच असतात. फरक इतकाच की घरातली भांडणं चार जण बघतात, नेटवरची चार हजार.

पाटावरवंटा | १:३१

सगळं ठीक असतानाही ३५ टक्के वाकडे! माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात, आभार. आणि दीड वर्षापूर्वी बंद झाला म्हणे. पोरगी पटवायच्या आधी साफसफाई केली असणार.

शून्य प्रहर | १:३८

साफसफाई करायची असती तर जुने प्रतिसाद उडवले असते. तसेच ठेवलेत.

पाटावरवंटा | १:४०

आळशी असेल. तोही दुर्गुणच.

तिकडची मी | संध्याकाळी ७:०५

इकडे न्यू जर्सीत सकाळ आहे, चहा घेत वाचतेय. लोकल, नुसता भावजींचा विचार नका करू. व्हिसाच्या अर्जात २०१९ पासून मागच्या पाच वर्षांतले सोशल मीडियावरचे आयडी विचारतात, आणि २०२५ पासून विद्यार्थ्यांना तर खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगतात. माझ्या पुतण्यानं अर्ज भरण्याआधी रात्रभर बसून मिसरूड फुटल्यापासूनचं सगळं वाचलं. सकाळी म्हणाला, "काकू, हा मुलगा कोण आहे मला माहीत नाही, पण माझ्या आईला भेटू देऊ नका."

चुलतभाऊ स्पेशल | ७:४४

नवीन आयडी, पण वाचक जुना. एक शंका. चार रात्री जागून परक्या पोराच्या दोन हजार शिव्या वाचणाऱ्या मामाचा स्वभाव कुठल्या धाग्यावर तपासायचा?

हुकलेली लोकल | ७:५८

लागलं. आणि बरोबर लागलं. तिसऱ्या रात्री मी त्याच्या शिव्या सोडून त्यानं आईच्या शस्त्रक्रियेबद्दल एका दुसऱ्या जागी विचारलेले प्रश्न वाचत बसलो होतो. पथ्य काय, जिने कधी चढायचे. तिथे मला काय काम होतं? लॅपटॉप मिटला. ते भाचीला सांगितलेलं नाही, इथे पहिल्यांदा लिहितोय.

अजून एक. चुलतभाऊ (खरा, आमचा) आज लाइकची यादी घेऊन आला. यानं कुठल्या कुठल्या घाणीला अंगठा दिला त्याची.

खिडकीतली सीट | ८:०६

त्याला पालघर आठवायला सांगा. २०१२ मध्ये मुंबई बंद होती तेव्हा एका मुलीनं फेसबुकवर चार वाक्यं लिहिली, दुसरीनं ती लाइक केली, आणि पोलिसांनी दोघींनाही उचललं. त्यातूनच पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०१५ मध्ये रद्द झालं. लाइकवरून माणूस ठरवायचा धंदा आपल्याकडे होऊन गेलाय.

उंबरठा | रात्री १०:३०

आजवर इथे फक्त वाचत आले. आज लिहावंसं वाटलं.

सहा वर्षांपूर्वी मी विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेबद्दल पाचसहा ओळी लिहिल्या होत्या. सासरे हृदयरोगी होते, खिडकीच्या काचा हादरत होत्या, एवढंच. दोन दिवसांत साडेतीनशे प्रतिक्रिया. माझ्या चेहऱ्याबद्दल, माझ्या नवऱ्याच्या पुरुषत्वाबद्दल. तिसऱ्या दिवशी माझ्या मुलीचा शाळेच्या स्नेहसंमेलनातला फोटो आला. ती नऊ वर्षांची होती, कोळिणीच्या वेशात. फोटोखाली जे लिहिलं होतं ते लिहिणाऱ्याला मी ओळखत होते. खालच्या मजल्यावरचा मुलगा. खोट्या नावानं होता, पण तो फोटो आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवरच टाकला होता, आणि तो बोलताना जो एक शब्द नेहमी चुकीचा वापरतो तोच तिथे होता.

तो मुलगा आईला दर शुक्रवारी डायलिसिसला घेऊन जायचा. उचलून रिक्षात बसवायचा. मी डोळ्यांनी बघितलंय. माझा सिलिंडर त्यानं दोनदा वर आणून दिलाय, त्या फोटोच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. नंतरचा आणून दिला तेव्हा मी दाराशी उभी होते आणि तो म्हणाला, "वहिनी, पाणी देता का?" मी दिलं.

त्यामुळे हे जे तुमचं चाललंय ना, तो मुळात कसा आहे, जागेनं बिघडवला की मुळातच बिघडलेला, ते मला परवडत नाही. त्याचा स्वभाव हा त्याच्या आईचा विषय. माझ्यापर्यंत आले ते त्याचे शब्द. टक्केवारी वाचली, पण मुलीनं पुढची दोन वर्षं स्टेजवर पाय ठेवला नाही, ती कुठल्या टक्क्यात?

लोकल, तुमच्या तीन गोष्टींमधली पहिली मला पुरते. त्या खेळाडूच्या बायकोनं त्या तीन ओळी वाचल्या असतील किंवा नसतील. तिला कुणी स्वल्पविरामाचा हिशोब सांगायला जाऊ नये.

वेलदोडा | १०:४१

🙏 काही लिहायला सुचत नाही.

पाटावरवंटा | १०:५०

ताई, नमस्कार. मी आज थट्टेत जे लिहिलं ते मागे घेतो. मत तेच आहे.

कंदील | मंगळवार, पहाटे ५:१५

मी अशाच एका जागी सहा वर्षं फुकट राखणदारी केली आहे. तक्रारी वाचायच्या, प्रतिसाद उडवायचे, आयडी गोठवायचे. पहाटे उठून, कारण घाण रात्री पडते. त्या अनुभवावरून एवढं सांगतो की घाण शब्द मोजू नका. शब्द ही त्या जागेची चलनी नाणी, तिथे गेलेला प्रत्येक जण ती खर्चतो. कुणाच्या दिशेनं फेकली ते बघा. अंगावर येऊ शकणाऱ्याला दिलेली शिवी वेगळी, आणि त्या खोलीत नसलेल्या बाईबद्दलची ओळ वेगळी. उंबरठाताईंनी हे माझ्यापेक्षा नेमकं सांगितलंय.

माझ्या सहा वर्षांत सगळ्यात भयंकर आयडी कुठला होता सांगू? ज्यानं आयुष्यात एकही शिवी दिली नाही. शुद्धलेखन निर्दोष. अनुस्वारसुद्धा जागच्या जागी. एका लेखिकेच्या प्रत्येक लेखाखाली लिहायचा, "ताई, लेख आवडला. आपण राहता त्या भागात संध्याकाळी दिवे लवकर जातात, जपून असावे." नियम मोडलेला नाही म्हणून पहिले चार महिने मी काही करू शकलो नाही. तुमच्या चुलतभावाला हा आयडी दिला असता तर त्याला एक स्क्रीनशॉट मिळाला नसता.

आणि दुसरी गोष्ट, तुमच्या मुलाची: "नाव काढा ते." आमच्याकडे रोज तीनचारशे प्रतिसाद यायचे. आपल्याच कळपाला, कळप पेटलेला असताना, थांबा म्हणणारे सहा वर्षांत मी बोटांवर मोजले. लोक परक्यांना शहाणपण शिकवतात. आपल्यांना कुणी शिकवत नाही, कारण चारशे लाइक आपलेच देतात. म्हणून तो चांगला असं म्हणत नाहीये. त्या तीन ओळी आणि ही एक ओळ, दोन्ही एकाच हातच्या आहेत. इतकी किंमत मोजून लिहिलेली ती एकच आहे, एवढं नोंदवतो.

बिनखात्याचा | सकाळी ११:००

कंदीलकाका, तुमच्यासारख्यांनी माझे चारपाच आयडी गोठवले असतील.

मी 'तो' होतो. ऑर्कुटच्या काळापासून. २००८-०९, कॉल सेंटरला रात्रपाळी. रात्रभर इंग्रजी बोलून परक्या माणसांच्या शिव्या ऐकायच्या, "सर, आय अंडरस्टँड" म्हणायचं, आणि पहाटे पाचला खोलीवर येऊन मराठीत बाहेर काढायचं. कुणावर? जो सापडेल त्याच्यावर. गंमत आवडायची असंही नाही. सकाळी उठल्यावर किती जणांनी दाद दिली ते बघायला आवडायचं. हळूहळू कुठल्या वाक्याला किती दाद मिळते ते हाताला कळायला लागतं, भजीवाल्याला तेल कळतं तसं.

पण "ते मी नव्हतो, जागा होती" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. जागा माझ्या तोंडात नवे शब्द घालत नव्हती. पोटात गव्हाएवढं जे होतं, ते ती भोपळ्याएवढं करून मागायची. गहू माझाच होता. बायकांबद्दल मी जे लिहायचो त्यातला गहू मला आजही कधीकधी दाताखाली लागतो. आता दोन मुली आहेत.

लग्नाआधी बायकोला हे सापडलं असतं तर मी काय केलं असतं माहितीय? आधी सांगितलं असतं, हा मी नाही. मग, मी आहे पण तिथे सगळेच तसं लिहितात. मग, तेव्हा दिवस वाईट होते. तीन पायऱ्या. चौथीवर मी आलो असतो का, माहीत नाही, कारण तिला कधी सापडलंच नाही आणि मीही सांगितलं नाही. अकरा वर्षं झाली.

लोकल, तुमच्या भाचीला वाचायला सांगू नका. त्याला विचारायला सांगा, आणि तो कितव्या पायरीवर थांबतो ते बघायला सांगा.

डावखुरा | ११:१२

आज तरी सांगा घरी.

बिनखात्याचा | ११:१५

हा धागा ती वाचते.

हुकलेली लोकल | शुक्रवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार, आणि उशिराबद्दल माफी.

मंगळवारी रात्री भाचीला फोन केला. म्हटलं, माणूस कसा आहे ते मला सांगता येत नाही. चार रात्रींत मला एवढंच कळलं की रात्री एक वाजता, हरलेल्या दिवशी, टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीत तो काय काय करू शकतो. शीत चेपून भात शिजला का ते कळतं, पण आपण चेपलं ते दुसऱ्याच्या चुलीवरच्या पातेल्यातलं. आपल्या घरी कुठल्या पाण्यात, किती आचेवर तो ठेवला जाणार हे त्यातून कसं कळावं? तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, पातेलं बदललं तरी तांदूळ कुठला आहे ते कळतंच की." पुढे मला बोलता आलं नाही.

मग मी तिला उंबरठाताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला आणि बिनखात्याचा यांचाही. दोन्ही झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती.

काल ती त्याला भेटली, डोशाच्या एका गजबजलेल्या हॉटेलात. दोन हजारांबद्दल काही विचारलं नाही. त्या तीन ओळींचं पान उघडलं, मोबाइल त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "हे मला मोठ्यानं वाचून दाखव."

तो आधी म्हणाला, तिथे सगळेच असं लिहितात. (दुसरी पायरी. पहिली त्यानं टाळली, हे मी नोंदवून ठेवलंय.) तिनं परत सांगितलं, वाच. त्यानं पहिली ओळ वाचली. दुसरी अर्धी झाल्यावर आवाज गेला. पाणी प्यायला, पूर्ण केली. तिसरी वाचली नाही.

मग म्हणे त्यानं सांगितलं की दीड वर्षापूर्वी लिहिणं थांबलं ते शहाणपणानं नाही. त्याच्या बहिणीच्या फोटोखाली, तिच्याच ऑफिसातल्या कुणीतरी, याच्याच अड्ड्यावरची भाषा वापरली होती. ती ओळ वाचताना याला वाटलं की हे मीच लिहिलंय. शब्द इतके सवयीचे होते. जुने प्रतिसाद का उडवले नाहीत, असं तिनं विचारलं. म्हणाला, "उडवायला बसलो होतो. मग वाटलं, उडवले तर माझ्या बाजूनं मिटेल. बाकीच्यांकडे असतीलच."

खरं का खोटं, मी तिथे नव्हतो. भाचीनं त्याला हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. दिवाळीपर्यंत थांबू म्हणाली. भावजी अजून "विषय संपला"वरच आहेत. ताई मधूनच म्हणते, "पण चपला लावल्या होत्या रे त्यानं."

पाटावरवंटा | ९:३३

मीही दिवाळीपर्यंत थांबतो.

वेलदोडा | ९:३५

आणि तिसरी ओळ?

हुकलेली लोकल | ९:४७

ती तिनं वाचली. मोठ्यानं, त्याच्याकडे बघत. शेजारच्या टेबलावरचे आजोबा चमचा खाली ठेवून वळून बघायला लागले म्हणे.